गावाकडच्या व्हिडिओ कामाचा दर कसा काढायचा आणि दोन लाखांत काय घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात राहतो, दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली लग्नाच्या शूटिंगला जातो, आता स्वतःचं सुरू करायचं आहे. हाताशी दोन लाख आहेत. घरी ८ जीबी रॅमचा बऱ्यापैकी कॉम्प्युटर आहे. कॅमेरा कोणता घ्यावा, ड्रोन घ्यावा का, आणि लग्नाचे किती सांगावेत? गावात कोणी आठ हजारांत करतो, कोणी चाळीस सांगतो.

उत्तर दरापासून सुरू करतो, कारण कॅमेरा कोणता घ्यायचा हे दरावरूनच ठरतं. आपल्या भागात कमाईचे दिवस मोजके असतात आणि तेही एकत्र येतात. तुळशीचं लग्न झालं की थोडे मुहूर्त, मग धनुर्मासाचा खंड, आणि खरा हंगाम फेब्रुवारी ते जूनचा पहिला पंधरवडा. त्यातही कापूस-तूर विकून पैसा हातात आलेला असतो आणि पोरांना सुट्ट्या असतात म्हणून सगळा जोर एप्रिल-मेवर. चातुर्मासात सगळं बंद. एका मुहूर्ताला तालुक्यात पंचवीस लग्नं आणि पुढचे सहा दिवस हात रिकामे, अशी गत. बौद्ध पद्धतीची लग्नं बहुधा मुहूर्तावर अडत नाहीत, रविवार-सुट्टी पाहून होतात. त्या तारखा तुमच्या वहीत वेगळ्या लिहून ठेवा, त्याच खाचा भरून काढतात.

आता हिशेब. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे आकडे टाकून पुन्हा मांडा. कॅमेरा बॉडी ६० हजारांची, तीन वर्षं धरली तर वर्षाची झीज २०,०००. लेन्स ४५ हजारांची, सहा वर्षं टिकते, म्हणजे ७,५००. कॉम्प्युटर वाढवलेल्या रॅमसह ८२ हजारांचा, चार वर्षं, २०,५००. स्टँड, माईक, रेकॉर्डर, लाईट मिळून ४१ हजार, तीन वर्षं, १३,७००. कार्ड, बॅटऱ्या, हार्ड डिस्क २२ हजार, दोन वर्षांत बदलाव्याच लागतात, ११,०००. झीज झाली साधारण ७३ हजार. इंटरनेट, वीज, दुरुस्ती, मोबाईल, किरकोळ महिन्याला ४ हजार धरा, वर्षाचे ४८ हजार. स्वतःचा पगार महिन्याला २० हजार, वर्षाचे २ लाख ४० हजार. बेरीज ३ लाख ६१ हजार.

वर्षात शूटिंगचे दिवस ३६ मिळाले तर एका दिवसाला १०,००० पडतात. यात मदतनीस नाही, पेट्रोल नाही, पेनड्राइव्ह नाही, अल्बम नाही. पण हाच हिशेब दुसऱ्या अंगानं करा. एका शूटिंगच्या दिवसामागे मिक्सिंगचे, म्हणजे एडिटिंगचे, तीन दिवस जातात, म्हणजे ३६ दिवसांमागे १०८, एकूण राबायचे १४४ दिवस. त्याला ३ लाख ६१ हजार भागले की दिवसाला २,५०० येतात.

हे दोन्ही आकडे लागतात, आणि ते कुठं वापरायचे हेच कळत नसल्यानं पोरं तोट्यात जातात. मुहूर्ताच्या तारखेला १०,००० चा आकडा लावायचा, कारण ती तारीख एकालाच देता येते. मधल्या मोकळ्या दिवसाला २,५०० चा, कारण तो दिवस तसाही रिकामाच जाणार होता. शाळेचं गॅदरिंग, शेतकरी उत्पादक कंपनीचं तीन मिनिटांचा माहितीपट, बचत गटाच्या मसाल्याची जाहिरात, रस्त्यावरच्या नव्या दुकानाचं उद्घाटन ही सगळी मोकळ्या दिवसाची कामं. एक दिवस शूट आणि एक दिवस मिक्सिंग असेल तर ५,००० आणि वरचा खर्च. मुहूर्ताच्या तारखेला मात्र सात हजारांचं काम दोन महिने आधी घेऊन बसू नका. तारीख तीन-चार दिवसांवर आली आणि अजून मोकळी असेल तरच घ्या.

आठ हजारवाला कसा करतो? त्याचा कॅमेरा फिटलेला असतो, मिक्सिंग बाहेर ठोक देतो किंवा नुसतं कापून जोडतो, आणि झीज त्यानं कधी धरलेलीच नसते. बॉडी बिघडली की कर्ज. त्याच्याशी दरात स्पर्धा करायची नाही.

दोन दिवसांच्या लग्नाचा हिशेब असा बसतो: तारखेचे २०,०००, मदतनीस दोन दिवस १,२०० प्रमाणे २,४००, लग्नाच्या दिवशी कॅमेऱ्यासह दुसरा माणूस ४,०००, पेट्रोल ८००, पेनड्राइव्ह दोन ८००. झाले २८,०००. अडीअडचणीला दोन हजार धरून ३० सांगा. नवरदेवाचे वडील म्हणणारच, ‘भाऊ, घरचंच काम हाय, वीसात बसवा.’ तेव्हा दर कमी करू नका, काम कमी करा. दुसरा कॅमेरा काढा, हळद काढा, हायलाइट काढा, आणि प्रत्येक गोष्टीचे किती कमी होतात ते तोंडावर सांगा. रक्कम तीच ठेवून वर एखादी गोष्ट फुकट देणं सगळ्यात वाईट, कारण पुढच्या घरी ती हक्कानं मागितली जाते. साक्षगंध (साखरपुडा) ‘त्यातच’ धरा म्हणतात, ते हमखास. साक्षगंध हा वेगळा दिवस, वेगळी तारीख, वेगळे पैसे.

बोलणं झालं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवायचा आणि समोरून ‘ठीक आहे’ घ्यायचं. मजकूर साधारण असा:

‘१२ मे हळद, संध्याकाळी ५ ते १०. १३ मे लग्न, सकाळी ९ ते बिदाई. कॅमेरे दोन, माणसं तीन. देणार: पूर्ण व्हिडिओ अंदाजे अडीच ते तीन तास, हायलाइट ४-५ मिनिटं, पेनड्राइव्ह २. गाण्यांची यादी लग्नानंतर १० दिवसांत द्यावी, यादी मिळाल्यापासून ४५ दिवसांत व्हिडिओ. दुरुस्ती एकदा. एकूण ३०,०००. तारीख पक्की करताना १०,०००, हळदीच्या दिवशी १२,०००, पेनड्राइव्ह घेताना ८,०००. ठरल्या वेळेनंतर तासाला ८००. मूळ फुटेज ९० दिवस ठेवू.’

यातला ‘यादी मिळाल्यापासून’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा. गाण्यांची यादी चार महिने येत नाही आणि उशीर तुमच्या नावावर लागतो. हळदीच्या दिवशीचा हप्ता लग्नाच्या दिवशी ढकलू देऊ नका, लग्नाच्या दिवशी बापाला शोधणं अवघड आणि मागणं त्याहून अवघड. तासाच्या दरामागंही कारण आहे: पत्रिकेवर दुपारी १२ लिहिलेलं लग्न धुमालच्या (ढोल-बँडच्या) वरातीपायी तीन-साडेतीनला लागतं.

आता सामान. दोन लाखांतले १ लाख ८० हजार खर्च करायचे, २० हजार हात लावायचा नाही, ते बिघाडाचे.

बॉडी म्हणून सोनी झेडव्ही-ई१० किंवा चांगल्या स्थितीतली जुनी ए६४००. दोन्हींत रेकॉर्डिंग अर्ध्या तासाला आपोआप तुटत नाही. जुन्या ए७ थ्रीमध्ये २९ मिनिटांची मर्यादा आहे, मंगलाष्टकांच्या मधेच क्लिप थांबते. झेडव्ही-ई१० ला बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय) नाही, कार्डची खाच एकच, डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर नाही. मे महिन्यात भर दुपारी स्क्रीनवर काहीच दिसत नाही, म्हणून स्क्रीनला लावायचा हुड किंवा काळं कापड किटमध्येच ठेवा. सोबत मिळणारी १६-५० ची लेन्स रात्रीच्या हळदीला आंधळी आहे. सिग्मा १८-५० एफ २.८ हीच एक लेन्स घ्या, तिच्यावर पहिलं वर्ष निघतं. पैसा बॉडीपेक्षा लेन्स आणि आवाजात घालावा, हे माझं ठाम मत.

ही बॉडी लावताना तीन गोष्टी आधी करा. पहिली, मेनूत व्हिडिओची पद्धत एनटीएससी (३०/६० फ्रेमची) असेल तर पाल (२५/५० फ्रेमची) करा. आपल्या विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ. सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० शटरला मांडवातल्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी माळा लुकलुकतात, ते मिक्सिंगमध्ये नीट निघत नाही. २५ फ्रेम, शटर १/५०. स्लो मोशनसाठी ५० फ्रेम, शटर १/१००. ही अदलाबदल केली की कॅमेरा कार्ड फॉरमॅट करायला लावतो, म्हणून ती घरीच, रिकाम्या कार्डवर. शिवाय या बॉडीत फोर-के २५ ला कडा कापल्या जात नाहीत, ३० ला कापल्या जातात. दुसऱ्या कॅमेरावाल्याचंही सेटिंग हळदीआधी बघा. एक ३० वर आणि एक २५ वर असला की जोडताना हालचाल अडखळते.

दुसरी गोष्ट, ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर ‘हाय’ वर टाका. पारा ४५ च्या वर गेल्यावर मांडवाबाहेर फोर-केमध्ये कॅमेरा तापून बंद पडतो. स्क्रीन बॉडीपासून उघडी बाहेर वळवून ठेवा, मिटलेली असली की तिच्यामागे उष्णता कोंडते. लांब विधी १०८० मध्ये घ्या, फोर-के फक्त हायलाइटच्या शॉटला. छत्रीधारी मदतनीस हा चेष्टेचा विषय नाही, कॅमेरा सावलीत ठेवणं हे त्याचं पहिलं काम. आणि कॅमेरा कूलरपुढं धरून थंड करू नका, ओल आत जाते.

तिसरी, व्हाइट बॅलन्स. बिछायतवाले गुलाबी-पिवळ्या कापडाचा मांडव टाकतात. दुपारचं ऊन त्यातून गाळून आलं की नवरीचा चेहरा एका बाजूनं गुलाबी आणि दुसऱ्या बाजूनं पिवळा. ऑटोवर ठेवलं तर दर दोन मिनिटांनी रंग सरकतो. नवरदेव-नवरी जिथं उभे राहणार तिथंच पांढरा कागद धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, आणि मागं एलईडी वॉल असेल तर ती चालू असताना घ्या. वॉलवर आडवे पट्टे दिसत असतील तर शटर १/५० आणि १/१०० दोन्ही बघून जे स्वच्छ दिसेल ते ठेवा.

व्हेरिएबल एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी-जास्त करणारी काळी काच) विसरू नका. भर उन्हात १/५० शटर ठेवायचं तर त्याच्याशिवाय गत्यंतर नाही, नाहीतर वरात किरकिरी, तुटक दिसते.

बॅटरी एनपी-एफडब्ल्यू५०, व्हिडिओला प्रत्यक्षात सव्वा-दीड तास समजा, उन्हात त्याहून कमी. चार ठेवा. कार्ड व्ही३० चं १२८ जीबी, दोन. फोर-के १०० एमबीपीएसला तासाला ४५ जीबी जातात, म्हणजे एका कार्डवर पावणेतीन तास. खाच एकच असल्यानं हळदीचं कार्ड लग्नात वापरायचं नाही. मंगलाष्टकं सुरू होण्याआधी कार्ड आणि बॅटरी दोन्ही बदला, शिल्लक कितीही दिसो. आणि एक मोबाईल स्टँडवर लावून लग्न लागतानाचा पूर्ण देखावा अखंड चालू ठेवा. कार्ड गेलं तरी तेवढं वाचतं.

आवाज. दोन माणसांचा वायरलेस माईकचा सेट आणि एक हँडी रेकॉर्डर, एवढं पुरतं. डीजेच्या किंवा साउंडवाल्याच्या मिक्सरमधून तार घ्यायची असेल तर ती कॅमेऱ्याच्या माईकच्या छिद्रात सरळ खुपसू नका. मिक्सरचा सिग्नल लाइन लेव्हलचा, कॅमेऱ्याचं छिद्र माईक लेव्हलचं, आवाज फाटून येतो आणि नंतर खाली केला तरी फाटलेलाच राहतो. रेकॉर्डरच्या लाइन-इनमध्ये घ्या, आवाजाचं शिखर -१२ डेसिबलच्या आसपास ठेवा. तारेतून भुणभुण येत असेल तर ती ५० हर्ट्झची अर्थिंगची गडबड, दोघांची अर्थिंग वेगळी असल्यानं येते. ग्राउंड आयसोलेटर लावा किंवा रेकॉर्डर बॅटरीवर चालवा. गावातल्या मांडवात बऱ्याचदा अर्थिंगच नसते.

लाईट. सनगन (हॅलोजनचा प्रखर दिवा) अजूनही लोक वापरतात, पण हजार वॅटचा सनगन बिछायतवाल्याच्या बारीक तारेवर टाकला की व्होल्टेज पडतं आणि साउंड गुरगुरतो. शिवाय मे महिन्यात नवरीच्या तोंडावर शेगडी धरल्यासारखं होतं. एनपी-एफ बॅटरीवर चालणारी दोन एलईडी पॅनल घ्या. वीज गेली तरी काम चालू राहतं, आणि वीज जातेच.

स्टँडला कंजूषी नको. प्लास्टिक हेडचा स्टँड पॅन करताना शेवटी झटका देतो. फ्लुइड हेडचा दहा-अकरा हजारांचा घ्या. गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) पहिल्या वर्षी भाड्यानं. हिशेब सोपा: ३५ हजारांचा गिंबल तीन वर्षांत संपतो, वर्षाचे पावणेबारा हजार. भाडं दिवसाला हजार असेल तर वर्षात बारा दिवसांच्या वर लागला तरच विकत घ्या. प्रत्येक महाग वस्तूला हाच भागाकार लावा, एफएक्स३० सारख्या बॉडीलासुद्धा. मात्र भाड्याच्या हिशेबात आणण्या-नेण्याचा दिवस धरा. दारव्ह्याहून अमरावती किंवा नागपूर गाठायचं तर दोन दिवसांचं भाडं लागतं. पुसद-उमरखेडवाल्याला नांदेड बरं पडतं.

कॉम्प्युटरला १६ जीबी रॅम किमान, जमलं तर ३२, आणि १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान डिस्क). पुढं १०-बिट ४:२:२ चा (रंगाची जास्त माहिती साठवणारा) कॅमेरा घ्यायचा झाला तर आधी कॉम्प्युटर बघा. इंटेलचं ११ व्या पिढीपासूनचं ग्राफिक्स असलेलं प्रोसेसर एच.२६५ मधलं असं फुटेज पेलतं, जुन्या मशीनवर टाइमलाइन सरकत नाही. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती लग्नाला पुरून उरते, प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या नकला) करून काम करा. ६०० व्हीएचा यूपीएस हवाच. तो काम चालवायला नसतो, फाइल सेव्ह करून मशीन बंद करायला असतो. प्रत्येक लग्न दोन वेगळ्या डिस्कवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी.

पावसाळ्यात काम नसतं तेव्हा लेन्सला बुरशी लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवा, काटा ४०-५० मध्ये. निळे दाणे गुलाबी झाले की वाळवून पुन्हा निळे करा.

भागवत सप्ताह आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं ही कामं वेगळ्या जातीची. वडसा-ब्रह्मपुरीकडची नाटकं रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात, तिथं मिररलेस कॅमेऱ्यापेक्षा सोनी एनएक्स१०० सारखा जुना कॅमकॉर्डर भाड्यानं घेणं शहाणपणाचं: दोन कार्ड, लांब झूम, एक्सएलआर माईक, मोठी बॅटरी. नाटकाचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकायचं असेल तर कंपनीची लेखी परवानगी घ्या. सप्ताहाचं थेट प्रक्षेपण मागत असतील तर चॅनलवर लाइव्ह आठवडाभर आधी सुरू करून ठेवा, पहिल्यांदा सुरू व्हायला २४ तास लागू शकतात. १०८० ला ६ एमबीपीएस म्हणजे तासाला २.७ जीबी. गावातल्या टॉवरचा अपलोड वेग दुपारी बघून उपयोग नाही. कथेच्या वेळी, संध्याकाळी, त्याच मांडवात बघा, आणि ८ च्या खाली असेल तर ७२० वर उतरा.

कंपन्यांची आणि संस्थांची कामं घ्यायची तर उद्यम नोंदणी करून ठेवा, ती मोफत आहे. जीएसटी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्याशिवाय लागत नाही. बिलाची रक्कम सांगताना टीडीएस कापला जाईल हे धरून बोला, आणि या मंडळींचे पैसे उशिरा येतात म्हणून निम्मे आधी घ्या.

पेनड्राइव्हचा घोळ तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटेल. ‘पेनड्राइव्ह चालत नाही’ म्हणून फोन येतो, प्रत्यक्षात पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो आणि टीव्ही ते वाचत नाही. गावातले स्वस्त टीव्ही बहुतेक फॅट३२ वाचतात, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. म्हणून १०८०, एच.२६४, १० एमबीपीएस, आणि पन्नास मिनिटांचे तुकडे: हळद, वरात, लग्न, बिदाई. एच.२६५ मध्ये देऊ नका, आवाज येतो आणि पडदा काळा.

ड्रोन सध्या घेऊ नका. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळं बाजारात मिळणाऱ्या परदेशी ड्रोनचं पक्कं बिल आणि नोंदणी दोन्ही बघावं लागतं. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्याच्यावर २ किलोपर्यंत मायक्रो. मायक्रो व्यवसायासाठी उडवायचा तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. ग्रीन झोनमध्ये साधारण ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतो, पण डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर लग्नाचं ठिकाण आधी बघायचं. ताडोबा, मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिऱ्याच्या जवळ प्री-वेडिंगसाठी उडवायचा मोह होतो, तिथं वन विभागाच्या परवानगीशिवाय बॅगेतून बाहेरही काढू नका. हंगामात दहा-बारा लग्नांना ड्रोन मागतील, तेवढ्यासाठी प्रमाणपत्र असलेला ऑपरेटर दिवसाच्या ठोक भावात बोलवा आणि त्याचे पैसे मजकुरात वेगळ्या ओळीत लिहा. वारा सुटला किंवा पोलिसांनी नाही म्हटलं तर तेवढीच ओळ वजा होईल, हेही त्याच ओळीत.